सहाव्या अर्थाचा साक्षीदार

शब्दकोश मंडळात कोणताही अर्थ छापण्यापूर्वी तो माणसावर घडवून पाहत. बहुतेक शब्द निरुपद्रवी निघत. ‘नॉक ऑफ’ या बोलभाषेतल्या इंग्रजी क्रियापदाला मात्र सहा अर्थ होते.

‘काम आटोपून निघणे’ हा पहिला. तो सगळ्या कर्मचाऱ्यांवर एकदम घडवला. डबे उचलून ते जे गेले, ते परतलेच नाहीत. उरल्या तो घडवणाऱ्या संपादिका कर्णिकबाई आणि मंडळाचे मानद सदस्य भास्कर हर्डीकर. त्यामुळे पुढचे पाचही अर्थ हर्डीकरांच्या वाट्याला आले. तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या हर्डीकरांची त्याला तत्त्वतः हरकत नव्हती.

‘वजा करणे’ यासाठी त्यांची उंची पाच इंचांनी घटवली. मोजपट्टी त्यांनी स्वतः तपासली होती. ‘झटपट उरकणे’ याला त्यांचे म्हातारपण घेतले; ते पावणेचार मिनिटांत उरकले. ‘चोरणे’ यात पत्नीचा चेहरा गेला. नाव तेवढे आठवत राहिले. ‘स्वस्त नक्कल करणे’ घडले, तेव्हा शेजारच्या खुर्चीत दुसरे हर्डीकर येऊन बसले. कानांपाशी रंगाचे पोपडे निघत होते, पण बसण्याची ढब तीच.

राहिला सहावा: ‘ठार मारणे’.

“याच्यावर घडवा,” हर्डीकर नकलेकडे बोट दाखवत म्हणाले.

“नकलेवरचा पुरावा ग्राह्य नाही. कलम बारा,” कर्णिकबाई म्हणाल्या. “ते कलम घालण्यासाठी तुम्हीच किती भांडला होतात, हर्डीकर. चहा गार झाला होता सगळ्यांचा.”

“सर पहिल्यापासून काटेकोर,” नक्कल म्हणाली. “आम्हाला कौतुकच आहे.”

हर्डीकरांनी सहाव्या अर्थाचे नोंदकार्ड उलटून पाहिले. त्यांच्या जिवात जीव आला.

“इथे साक्षीदाराची सही लागते. अर्थ घडवणाऱ्याची चालत नाही. घडवणार तुम्ही दोघे. इमारतीत आणखी कोणी नाही. तेव्हा हे होऊ शकत नाही.”

बाईंनी कार्ड दोनदा वाचले. “बरोबर आहे.”

“सर आहेत की,” नक्कल म्हणाली.

“न पाहिलेल्या गोष्टीवर मी जन्मात सही केलेली नाही.”

“पाहालच ना,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनचे टोपण काढून दिले. “अगदी शेवटपर्यंत नाही दिसणार. पण सहीपुरतं दिसेल.”

हर्डीकरांनी युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून तपासला. त्यात चूक सापडेना. त्यांनी पेन हातात घेतले.

नकलेने त्यांचा चष्मा काढला, दोन्ही काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या आणि तो त्यांच्या नाकावर नीट बसवला.