बोनेटखालचं कुंकू

रोशनगेटच्या त्या गल्लीत ‘उस्ताद’ अशी हाक आली की फारूखच मान वर करायचा. ती हाक त्याने कधी कुणाला वाटून दिली नव्हती. पण मुलगी युसरा डिप्लोमा करून गॅरेजात उभी राहिली, तसा तो टपरीवर सांगत सुटला, “फॉल्ट शोधावा तर आमच्या पोरीनं.” आता बोललेलं निस्तरायची पाळी आली होती.

नानासाहेबांची पांढरी गाडी सकाळी सुरूच व्हायची नाही. फारूखने दुरुस्त करून दिलेली, तरी आज पुन्हा टोचन लावून आली. नानासाहेब पैठणचे बागायतदार. भावकीतल्या झाडून साऱ्या गाड्या त्यांच्या शब्दावर इथं यायच्या.

“पोरीला शिकवा हो,” ते खुर्ची ओढत म्हणाले, “पण माझ्या गाडीवर नको. आज नाय झालं तर मी कंपनीत नेतो. समद्यांच्याच नेतो.”

स्कॅनर म्हणत होता इंजिन तापलंय. हात लावला तर माठासारखं गार. म्हणजे तापमानाचा सेन्सर खोटं बोलतोय, आणि गार इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. पण तो तर मागच्याच खेपेला नवा टाकलेला.

“नवा बी खराब निकला,” फारूख पुटपुटला. “दुसरा डालते.”

“अब्बा, जुना नि नवा दोघं मिळून एकच खोटं कसं बोलतील? इनकू कोई तो सिखा रहा.”

युसराने सेन्सरचा प्लगच उपटला. सेन्सर सुटला, तरी स्कॅनर आपला म्हणतोय, तापलंय. खोटं सेन्सरचं नव्हतंच. तिने प्लगमध्ये बॅटरीचा उजेड मारला. आत लाल-पिवळा ओला लगदा, दोन्ही पिना एकमेकींना जोडून बसलेला.

“काकू,” तिने मागच्या सीटवर बसलेल्या नानासाहेबांच्या बायकोला, द्वारकाबाईंना हळूच विचारलं, “इथं हळदकुंकू वाहता का?”

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. “मग काय करू? बोनेटवर बोट टेकलं की रंग गेला म्हणून हे घर डोक्यावर घेतात. शेतात निघायच्या आधी आतच लावते, वर पळीभर पाणी. आत कोण बघतंय?”

नानासाहेब एकाएकी छताचे पत्रे न्याहाळू लागले.

युसराने लगदा कागदावर काढला, आणि कागद कचऱ्यात न टाकता दारच्या लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. ते पाहून फारूखचा ऊर भरून आला. गाडी अजून सुरू व्हायची होती. तिने प्लग धुतला, वाळवला, बसवला. किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं.

“काकू, बाहेरच लावत जा. रंगाचं काका बघतील.”

द्वारकाबाईंनी तिथल्या तिथं बोनेटवर ठसठशीत बोट टेकवलं. नानासाहेबांनी पुसायला रुमाल काढला, आणि तसाच परत खिशात ठेवला. मग हाक आली, “उस्ताद.”

“बोला,” फारूख उठला.

“तुम्हाला नाय हो.” नानासाहेब त्याच्या खांद्यावरून युसराकडं बघत होते. “जावयाची गाडी बी लई दिवस खुरडतीय. उद्या धाडू का?”

फारूख खाली बसला. बसता बसताच पायाने चप्पल चाचपू लागला. टपरीवर जायचं होतं.