नोंद : प्रेरणा

प्रेरणा जाऊन पस्तीस दिवस झाले होते, तरी रोज सकाळी नऊला तिची नोंद वेबसाइटवर येत होती.

खोऱ्यातल्या पावसाची ती वेबसाइट पाली गावातल्या प्रेरणा-इंद्रजित या नवराबायकोनं मिळून काढलेली. परसातल्या पर्जन्यमापकातलं पाणी प्रेरणा साडेआठला मोजायची, मोजलेलं पाणी परसदारच्या पडवीतल्या तुळशीला घालायची आणि आकड्याखाली एक ओळ लिहायची. कधी माहेरी गेली तर पान कोरं दिसू नये म्हणून तिनंच सोय करून ठेवली होती. नऊपर्यंत नोंद झाली नाही, तर गेल्या वर्षीची त्याच तारखेची नोंद आपोआप लागायची.

इंद्रजितला हे ठाऊक होतं. ती गेल्यापासून तो परसाकडं फिरकला नव्हता. नऊ वाजता मोबाईल उघडायचा आणि तिची ओळ वाचायचा. ‘आज छत्री घ्याच.’ ‘कपडे वाळायचे नाहीत.’ स्वयंपाकघरातून बोलल्यासारखी. सोय बंद करायला हात धजत नव्हता.

त्या दिवशी ओळ होती, ‘चार मिलिमीटर. ओढा उतरलाय.’ बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

फोन वाजला. ओढ्याकाठच्या गुंजवणे गावातल्या रतनबाई.

“इंद्रजितभाऊ, ओढा उतरलाय म्हनं? आमचं मालक बैलं घिऊन ओढ्याच्या साकवावरनं पल्याड निघाल्यात. म्या म्हनलं पानी लई दिसतंय, तर मलाच म्हनत्यात, तुला प्रेरणाताईपरीस जास्त कळतं व्हय?”

इंद्रजित ओरडला, “मावशी, ती नोंद आजची न्हाई! अडवा त्यांना!”

फोन चालूच राहिला. रतनबाईंच्या हाका, पाण्याचा घोंगाट, मग बैलांच्या घंटा जवळ येताना.

“वळलं एकदाचं,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “शिव्या देत्यात मला. देऊ द्यात.”

इंद्रजितनं ती सोय बंद केली. प्रेरणाची ओळ पुसली गेली.

मग तो परसात गेला. पस्तीस दिवसांच्या पावसानं पर्जन्यमापकातली बाटली केव्हाच भरून वाहायला हवी होती. ती निम्मीच होती. त्यानं मोजलं. एकशे बारा. एका दिवसाचं पाणी. म्हणजे काल सकाळी कुणीतरी ती रिकामी केली होती.

घरात दुसरं कोणी नव्हतं. लेक स्नेहल तेराव्यानंतर पुण्याला परतली होती.

त्यानं तिथंच उभं राहून लिहिलं, ‘एकशे बारा मिलिमीटर. साकवावर जाऊ नका.’ खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं.

मोजलेलं पाणी घेऊन तो पडवीत आला. तिथं पाऊस पोचत नाही. पण तुळस हिरवीगार होती. त्यानं मातीत बोट घातलं. ओली होती.

“उद्यापासून मी घालतो,” तो म्हणाला, आणि हातातलं पाणी तिथं ओतलं.