आक्तोशच्या गोळ्या

फ्रुंझे शहरातल्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं कुत्री सांभाळली. त्यांच्या पोटाला बारीक नळी बसवलेली असे. सकाळी मांस दाखवलं की जठरातला रस त्या नळीतून बाटलीत उतरायचा आणि मी त्यातलं आम्ल मोजायचे.

आक्तोश पांढऱ्या छातीचा कुत्रा. त्याच्या जठरात मुद्दाम व्रण केला होता. नव्या गोळ्या सुरू झाल्या, तसं आम्ल कमी झालं, व्रण भरत आला. तो पुन्हा माझ्या बुटांच्या नाड्या ओढायला लागला.

मग आमचे प्रमुख सातारोव म्हणाले, "उद्यापासून गोळ्या बंद."

"एकदम? हळूहळू कमी करूया की."

"उलकान, एकदम बंद केल्यावर काय होतं तेच तर बघायचंय."

तिसऱ्या दिवशी आम्ल पूर्वीपेक्षाही वर गेलं. पाचव्या दिवशी बाटलीत काळपट रक्त आलं. गोळ्या कपाटात होत्या, किल्ली माझ्या खिशात. मी कपाट उघडलं नाही. दुपारी आक्तोश गेला.

पुढे नारिनला येऊन मी घोड्यांवर औषधोपचार करू लागले. पण कित्येक सकाळी दाराबाहेर फरशीवर कुत्र्याची नखं वाजतात. उघडावं तर कोणी नसतं.

गेल्या शरदात तोलोगोन नावाच्या तरुणानं घोडेस्वारीच्या खेळातला त्याचा घोडा आणला. घोडा चारा सोडून दात खात होता, पोटात व्रण. महिनाभराच्या औषधानं तो सावरला.

"एजे," त्यानं मोठ्या बहिणीला मारावी तशी हाक मारली, "घोडा ठणठणीत झालाय. आता औषध कशाला? रविवारी खेळ आहे."

"खेळ नाही. अजून तीन आठवडे औषध, थोडं थोडं कमी करत."

"घोडा माझा आहे की तुमचा?"

तेव्हा मी त्याला आक्तोशची गोष्ट सांगितली. किल्लीसकट. आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

त्यानं चहाची वाटी खाली ठेवली. "शेवटी तुम्हाला चावला नाही तो?"

"नाही. मला बघून शेपटी हलवली."

तो रविवारी खेळायला गेला नाही. सोबत्यांनी त्याला भित्रा म्हणून हिणवलं. तरी रोज सकाळी येऊन तो मोजकं औषध घेऊन जायचा. वसंतात घोडा वरच्या कुरणावर गेला, आणि तोलोगोन मला मेंढीची एक मांडी देऊन गेला.

मी ती शिजवली, शेजाऱ्यांना बोलावून वाढली. माझ्या वाट्याचा तुकडा मात्र मी खाल्ला नाही, दाराबाहेर फरशीवर ठेवला.