लिंबू

आरोग्यमंत्री तिरुवेंगडम पिल्लै कीळमंगलमला मोटारीतून उतरले, तेव्हा अंजलै आत्याने रिवाजाप्रमाणे त्यांच्या हातात लिंबू ठेवलं. हार नव्हता. पटकी शिरलेल्या गावात हार गुंफणार कोण? आत्याची सून काल गेली होती आणि नातू घरात ओकत पडला होता.

“तंबी, लेकरा, आता तूच आमचा राजा. कालव्याचं दार उघडायला सांग. तळ्यात नुसता चिखल उरलाय, तोच पितोय आम्ही.”

पिल्लैंनी मद्रासहून पाण्यात टाकायचं औषध पोत्यांनी आणलं होतं. पण चिखलात ते टाकून काय उजेड पडणार? औषध त्यांच्या खात्याचं, कालवा मात्र गोऱ्या साहेबाचा. इंग्रजांनी दिलेल्या राजकीय सुधारणांमधली खात्यांची ही वाटणी म्हणजे दोघा भावांत वाटलेली म्हैस. चारा आपण घालायचा, दूध साहेबाने काढायचं. उन्हाळ्यासाठी उटीला जाऊन बसलेल्या साहेबाला तारांवर तारा केल्या, तेव्हा आज सकाळी उत्तर आलं: पाण्याची पाळी दुसऱ्या गावांची आहे, पुढच्या आठवड्यात विचार करू.

सगळं गाव त्यांच्यामागे कालव्यावर आलं. दाराआड पाणी काठोकाठ तुंबलं होतं. राखणदार मुनियान किल्ली मुठीत आवळून, पहार पायाशी टाकून उभा होता. शेजारी पोलीस होते.

“किल्ली देऊ नका म्हणालेत, अय्या. माझी नोकरी, माझा भात जाईल,” तो कसाबसा म्हणाला.

इन्स्पेक्टर रत्नसामी पुढे झाला. “दाराला हात लावेल त्याला पकडायचा हुकूम आहे, सर.”

“मलाही?”

त्याने मान खाली घातली. “पोलीस खातंही तुमच्याकडे नाही, सर.”

गर्दीतून कोणीतरी खवचटपणे विचारलं, “मग तुमच्याकडे आहे तरी काय? लिंबू?”

“गप रे मेल्या!” आत्या कडाडली. “माझा तंबी मंत्री आहे!”

तो टोमणा पिल्लैंनी गिळला असता. आत्याचा विश्वास मात्र गिळवेना.

“आत्या, हे धर जरा.” त्यांनी लिंबू तिच्या हाती दिलं, वाकून पहार उचलली आणि कुलपावर घातली. दुसऱ्या घावाला कुलूप तुटलं. मुनियान आपण होऊन दाराच्या चाकाला भिडला, तेव्हा पिल्लैंनी त्याला बाजूला ढकललं आणि चाक स्वतःच फिरवलं. पाणी धो धो करत तळ्याकडे धावलं.

रत्नसामीने आधी कडक सलाम ठोकला. मग बेड्या काढल्या.

“अरे, राजाला बेड्या?” आत्या किंचाळली.

“राजा कसला, आत्या!” पिल्लैंनी हात पुढे केले. “तळं भरलं की पोती फोडा. तेवढा हुकूम माझा आहे.”