लाडक्याचं पाखरू

"घार आहे ती," दुर्बीण न उचलताच खोपकरबाबू म्हणाले.

"घार नाय, बाबू." लाडक्याने होडीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "घारीची शेपटी इतकी चिरलेली नाय आसत. आन् हा पाण्याला शिवतच नाय. बघा, दुसऱ्याचा हिसकावतोय!"

वर एक काळा, लांब पंखांचा पक्षी एका पांढऱ्या समुद्रपाखराच्या, कुरवाच्या, मागे लागला होता. कुरवाने घाबरून चोचीतला मासा सोडला. मासा पाण्यात पडायच्या आत काळ्याने तो वरच्यावर झेलला. सुकाणूवर बसलेला तांडेलही "आयला!" म्हणून ओरडला. खोपकरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

लाडक्या जव्हारच्या टपालाचा हरकारा. थैली खांद्यावर घेऊन सहा कोस पळत जायचं, तिथल्या चौकीवर ती पुढच्या हरकाऱ्याला द्यायची, त्याने आणलेली घेऊन परत फिरायचं. बावीस वर्षं हेच. त्याच्या थैल्या समुद्राकडे जात, समुद्राकडून येत, पण समुद्र त्याने आज पहिल्यांदाच पाहिला. खोपकर टपालबाबू, त्यांना पक्ष्यांचा नाद. पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या करून ते मुंबईच्या एका मंडळाला पाठवत. डहाणूला सासुरवाडीला निघाले तेव्हा लाडक्याची नजर तेज म्हणून त्यांनी त्याला रजा देऊन सोबत आणलं होतं.

दोघांमध्ये एक जुनी अढी होती. तीन वर्षांपूर्वी, आषाढातल्या वादळाच्या दुसऱ्या सकाळी, त्याच्या वाटेवरच्या शिरपामाळाखालच्या भातखाचरात लाडक्याला एक काळं पाखरू पडलेलं दिसलं. धडपडत होतं, पण सपाटीवरून त्याला उठताच येईना. लाडक्याने ते उचललं, माळाच्या कडेला नेलं आणि वाऱ्यावर सोडलं. पाखरू एकदा खाली झुकलं आणि पंख न हलवता वर चढत गेलं. लाडक्या बघत राहिला. त्या दिवशी टपालाला उशीर झाला. खोपकरांनी विचारलं, त्याने घडलं तसं सांगितलं.

"पुरुषभर पंख? कात्रीसारखी शेपटी? असा पक्षी आपल्या रानात नाही," खोपकर म्हणाले, आणि वहीत उशिराच्या कारणापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला: खोटे.

तेव्हापासून वाटेवरची माणसं हटकत, "लाडक्या, आज काय उडवलास, हत्ती?" तो हसून पुढे जाई. बायको गोजाबाई तेवढी म्हणायची, "तू पाहलास ना? मग झाला."

आता होडीत खोपकरांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचा आवाज बदलला होता.

"लाडक्या, हाच होता?"

"हाच. मी हातात धरलाय त्याला."

"पाय कसे होते?"

"एवढाल्या अंगाला एवढेसेच. बोटांच्या मधी कातडा, पन बदकासारखा पुरा नाय, अर्धाच. चोच टोकाला आकड्यावानी. आन् काखंत पांढरा हाय, दोनी बाजूंनी. थांबा, वळला का दिसंल."

तिघंही माना वर करून बसले. पक्षी पुढे गेला, वाऱ्यावर कलला आणि होडीवरूनच वळला. काळ्या पोटाच्या दोन्ही अंगांना, पंखांच्या मुळाशी, पांढरे पट्टे लख्ख दिसले.

खोपकर ताडकन उभे राहिले. होडी डगमगली. "बसा बाबू!" तांडेल ओरडला, पण ते टोपी हलवत हसत सुटले होते. लाडक्याही हसू लागला. मग खोपकर खाली बसले.

"मी चुकलो रे. परत गेल्याबरोबर तो शब्द खोडतो."

लाडक्याने क्षणभर विचार केला. "खोडू नका, बाबू. त्याच्या खाली खरा काय ता लिवा."

खोपकरांनी तसं केलं. मुंबईला लिहिताना पायांचं, चोचीचं, काखेतल्या पांढऱ्याचं वर्णन लाडक्याच्या नावानिशी दिलं.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी लाडक्या थैली कचेरीत टाकून निघाला, तेवढ्यात खोपकरांनी हाक मारली.

"थांब. तुझं पत्र आहे."

"मना कोन लिवनार?"

खोपकर वाचू लागले. "'जव्हार येथील हरकारा लाडक्या यांस. आपण पाहिलेल्या पक्ष्याला इंग्रजीत एका लढाऊ गलबताचे नाव आहे. आपल्या किनाऱ्यावर तो क्वचितच येतो. आपण पायांचे वर्णन दिले नसते, तर आमची खात्री पटली नसती.'"

"पयला परत वाचा."

"'हरकारा लाडक्या यांस.'"

"आजून एकदा."

खोपकरांनी वाचलं. लाडक्याने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग एकदम त्याच्या काहीतरी ध्यानात आलं.

"बाबू, म्हंजी हा आजच्या थैलीत व्हता? चौकीपासून माझ्याच खांद्यावर?"

"मग? दुसऱ्या कुणाच्या?"

लाडक्या भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग कागद नीट घडी करून त्याने मुंडाशात खोचला.

कचेरीपासून घरी जाताना तो रोज सावकाश चालत जाई. पायांना तेवढाच विसावा. त्या दिवशी तो पळत गेला.