चतुराची अळी

परदेशात, नोव्हायला येण्याआधी सुलभा नागपूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. इथे शिकवायला एक तिची मुलगी दीपाच होती, आणि सातवीतल्या दीपाला आता पद्मिनी मावशी मिळाली होती.

पद्मिनी युनिव्हर्सिटीत तळ्यांवर पीएच.डी. करत होती. शहाऐंशीच्या मे महिन्यात ती दर शनिवारी जेवायला यायची. दीपाच्या सायन्स प्रोजेक्टसाठी दोघींनी गराजमध्ये, काचेच्या टाकीत छोटं तळं तयार केलं होतं. त्यात पाणवनस्पती, गोगलगायी आणि पाच-सहा टॅडपोल, बेडकांची पिल्लं. वर तक्ता: वनस्पती, मृदुकाय, उभयचर. कीटकांचा रकाना रिकामा होता.

"टॅडपोलला कल्ले असतात, मग तो मासा का नाही, सांग बघू," पोळी वाढताना सुलभाने विचारलं.

"मॉम, पद्मिनी मावशीने ऑलरेडी एक्स्प्लेन केलंय."

दीपा आणि पद्मिनी एकमेकींकडे बघून हसल्या. नंतर भांडी घासताना गराजमधली त्यांची बडबड सुलभाला ऐकू येत राहिली. आपल्याशी दीपा एवढं शेवटचं कधी बोलली, तिला आठवेना.

सोमवारी दीपा शाळेत गेल्यावर सुलभा गाडी काढून एकटीच गावाबाहेरच्या तळ्यावर गेली. गाळात चाळणी फिरवली, तर चतुराची अळी हाती लागली. पंख फुटण्याआधी चतुर पाण्यात वाढतो, आणि तेव्हा तो काय खातो, हे तिने कितीतरी वर्गांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. तरी तिने ती टाकीत सोडली. कीटकांचा रकाना भरेल, असं स्वतःला सांगत.

बुधवारी टाकीत एकही टॅडपोल नव्हता. दीपाने रडत पद्मिनीला फोन केला. संध्याकाळी पद्मिनी आली आणि टाकीत वाकून बघत म्हणाली, "ही ड्रॅगनफ्लायची निम्फ. आपण नव्हती आणली."

"मी आणली," सुलभा म्हणाली.

"जाऊ दे दीपा. आईला कुठून माहीत असणार, ही टॅडपोल खाते ते."

गप्प बसली असती तर सुलभा सुटली असती. पण ते तिला सोसवेना.

"मला माहीत होतं."

"मग का टाकलीस?" दीपाने विचारलं.

"तू मला काही विचारतच नाहीस."

दीपा वर निघून गेली. पद्मिनी पर्स उचलून, चहा न घेताच गेली.

प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचा होता आणि पद्मिनीची परीक्षा होती. गुरुवारी शाळेतून आल्यावर दीपा जाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "तळ्यापर्यंत ड्राइव्ह करशील?"

तळ्याच्या काठाशी दीपा म्हणाली, "पद्मिनी मावशीला माहितीये टॅडपोल कुठे असतात."

सुलभाला ते लागलंच. तिने सलवार वर खोचली आणि थंडगार पाण्यात उतरली.

"गवताच्या मुळाशी बघ, उथळ पाण्यात," ती म्हणाली. "हळू. सावली पडली की पळतात."

दीपाने चपला काढल्या आणि तिच्या मागे पाण्यात पाय टाकला.