फुकटची राख

माझ्या नवऱ्याला, बाबारावांना, वांकिडीत सगळे देवमाणूस म्हणायचे. आता तो शब्द नुसता कानावर पडला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. एक्क्याण्णव साली आसपासच्या गावांत लाइट असून नसल्यासारखी, त्यामुळे टीव्ही बॅटरीवरच चालायचे. बॅटरी मेली की कंपनीचा माणूस ती अख्खी परत घ्यायचा, कारखान्यात पाठवायचा. पण बाबारावांना तेवढा धीर कुठला? ते दुकानामागे बॅटऱ्या फोडायचे, तेजाब नालीत ओतायचे आणि आतल्या शिशाच्या प्लेटी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वितळवायचे. मासे धरायच्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या लागतात, त्या गोळ्यांचा व्यापारी शिशाला चढा भाव द्यायचा. जाळ विझला की खाली उरायची मऊ, पिवळसर राख. ती बाबाराव वाटून टाकायचे. भांडी घासायला राख कुणाला नको असते? बाया टोपली भरून न्यायच्या आणि जाताना नाव काढायच्या.

शेजारची देवकाबाई सगळ्यांत जास्त न्यायची. तिची वांग्यांची वाडी होती. माव्याची कीड पडली की ती पानांवर राख धुरळायची, आणि उपटलेली जुनी झाडं म्हशीपुढे टाकायची.

पोळ्यानंतर ती म्हैस आंधळी झाली. दात खात, भिंतीवर डोकं आपटत तीन दिवसांत मेली. गुरांच्या डॉक्टरनं म्हशीपुढच्या झाडांवरची राख पाहिली, ती कुठून आणली ते देवकाबाईला विचारलं आणि स्कूटर थेट आमच्या दुकानाशी उभी केली. मागची चूल पाहून तो बाबारावांना म्हणाला, "यहाँ सीसा पिघलाते क्या? राख में जहर है. भैंस तो गयी, अब बच्चों को बचाओ. जाके सबको बोलो."

"हाँ साब, आजच बोलतो," बाबारावांनी हात जोडले.

तो आज काही उजाडला नाही. चार दिवस मी मागे लागले, चार दिवस हे उद्यावर ढकलत राहिले. पलीकडे देवकाबाईची दोन वर्षांची नात पोट धरून कण्हायची, आणि पाचव्या दिवशी देवकाबाई पुन्हा टोपली घेऊन आली. या माणसानं ती स्वतःच्या हातानं भरून दिली! लाज नावाची चीज विकून खाल्ली होती की काय, कोण जाणे.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी उंबऱ्यातच अडवलं.

"काऊन सांगत नाही तुमी तिले?"

"सांगतलं तं म्हशीचा इल्जाम माझ्यावर येईन. अन् त्या डॉक्टरले काय समजते? राखेनं कोनी मरते काय?"

"नाही मरत?"

"नाही मरत."

"बरं," म्हटलं. मागच्या चुलीतली मूठभर राख आणली. ह्यांच्यासमोर ह्यांचंच ताट घासलं आणि गावातली कुठलीही बाई विसळते तसं तांब्याभर पाण्यानं विसळलं. त्यात भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसले.

"जेवा."

बाबारावांनी ताटाकडे पाहिलं. घास काही मोडला नाही.

"भूक नाही मले," म्हणाले आणि उठले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन वर्षं ह्यांनी गावभर राख वाटली, पण स्वतःच्या घरात चिमूटभर येऊ दिली नव्हती. माझ्यासाठी किराणा दुकानातून घासायची पावडर यायची. बायकोचे हात खरखरीत होऊ नयेत म्हणून, असं मी कौतुकानं चारचौघींत सांगत फिरले होते. कसलं कौतुक! ह्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी तशीच देवकाबाईच्या घरी गेले. ओट्यावर तिची नात वरणभात कालवत होती. ताटली नव्यासारखी चकचकत होती.

"या आशाबाई, बसा," देवकाबाई म्हणाली. "बाबारावायचे लय उपकार हायेत आमच्यावर."

"उपकार कायचे!"

मी पोरीच्या पुढून ताटली ओढून घेतली. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

मग मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर येऊन गेल्यावर मी तिच्यापुढे गप्प राहिले, ते चार दिवससुद्धा.